रिकामं पातेलं परत जात नाही

भोर तालुक्यातल्या आणि वेल्ह्याच्या बाजूच्या मकतबांत मुलांना दीन शिकवणारे मौलाना, हाफिजसाहेब आणि मशिदींचे विश्वस्त यांना खुलं पत्र



मी भोरची. माहेरही इथलंच. 29 वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं वेल्ह्याच्या बाजूला, जिथे आषाढात ओढा चढला की अलीकडची मुलं अलीकडे आणि पलीकडची पलीकडे राहायची. आता निवृत्त आहे. संध्याकाळी शेजारपाजारची पाच-सहा मुलं गणितं घेऊन माझ्याकडे येतात. मकतब सुटलं की तशीच येतात, डोक्यावरची टोपी आणि ओढणी न काढता. हे पत्र त्यांच्यामुळे लिहिते आहे.

गेल्या रमजानमध्ये इफ्तारनंतर मी त्यांना सहज विचारलं, ‘‘शुक्र म्हणजे काय रे?’’ चौथीतली एक मुलगी लगेच म्हणाली, ‘‘ग्रह. सूर्यापासून दुसरा.’’ तिच्या धाकट्या भावाने तिला दुरुस्त केलं, ‘‘शुक्र म्हणजे जुम्याचा वार.’’ दोघंही आपापल्या जागी बरोबर होती. शाळेत शुक्र हा ग्रह आहे आणि कॅलेंडरवर तो वार आहे. मी विचारत होते तो आभाराचा शुक्र. मग मी जेवणानंतरची दुआ म्हणायला सांगितली. सगळ्यांनी एका सुरात, एकही जेर-जबर न चुकवता म्हटली. मला समाधान वाटलं, कारण एवढं शुद्ध म्हणायला लागणारी मेहनत मला ठाऊक आहे. पण त्या दुआत आपण काय म्हणतो, कुणाला म्हणतो आणि का म्हणतो, हे एकालाही सांगता आलं नाही.

मौलाना साहेब, ही तुमच्याबद्दलची तक्रार समजू नका. मीसुद्धा याच गावात मशिदीच्या ओसरीवर नूरानी कायदा शिकले, ‘तालीमुल इस्लाम’मधले सवाल-जवाब घोकले. चाळिशी उलटेपर्यंत मलाही त्या दुआचा अर्थ नीट माहीत नव्हता. तोंडपाठ करण्याला मी कमी लेखत नाही. पाठ केलेलं माणसाला म्हातारपणी सापडतं, हे मी माझ्या दादीकडे पाहिलं. शेवटी शेवटी तिला घरातली माणसं ओळखू येत नव्हती, पण पाण्याचा घोट गिळला की ओठांवर ‘अल्हम्दुलिल्लाह’ येत असे. मला म्हणायचं आहे ते एवढंच, की शुक्र हा शब्द मुलांना आपण देतो आणि शुक्र करायला शिकवायचं राहून जातं.

इमाम गझाली 1111 साली गेले. त्यांच्या ‘इह्या उलूमिद्दीन’चे 40 भाग आहेत आणि त्यातला 32वा सब्र आणि शुक्र यांवर आहे. तुम्ही तो मदरशात अभ्यासला असेल. माझ्या हाती त्याचा अनुवाद निवृत्तीनंतर आला. शुक्राची घडण ते तीन गोष्टींची सांगतात: इल्म, हाल आणि अमल. आधी कळायला हवं की ही नेमत आहे आणि ती कुणाकडून आली. त्या कळण्यातून मन भरून यायला हवं. आणि मग ती नेमत ज्यासाठी दिली त्या कामाला लावायला हवी. मी हे वाचलं तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून बराच वेळ बसून राहिले, कारण शाळेत इतकी वर्षं मी ‘कृतज्ञ’ शब्दाची फोड शिकवत आले होते: कृत म्हणजे केलेलं, ज्ञ म्हणजे जाणणारा. दुसऱ्याने आपल्यासाठी जे केलं ते ज्याला कळतं तो कृतज्ञ. आपल्या बायका रोजच्या बोलण्यात म्हणतात, ‘त्याला जाण आहे’, ‘तिला जाणच नाही’. मराठीने आपल्या मुलांच्या तोंडी आधीच ठेवलेला शब्द गझालींच्या व्याख्येच्या पहिल्या पायरीशी जाऊन भिडतो. शुक्र म्हणजे जाण. हे सांगायला फार मोठी तकरीर लागत नाही.

अरबी कोशकारांनी या शब्दाबद्दल आणखी एक गोष्ट लिहून ठेवली आहे, ती तर वेल्ह्यातल्या कुठल्याही मुलाला एका फटक्यात कळेल. इमाम रागिब इस्फहानी सांगतात की ज्या जनावराच्या अंगावर खाल्लेला चारा दिसतो, त्या जनावराला अरब ‘शकूर’ म्हणत. मालकाने पेंढी घातली, आंबोण दिलं, आणि ते कांतीवर चमकलं, दुधात उतरलं. आमच्याकडे म्हणतात ना, अमक्याच्या म्हशीला घातलेलं अंगी लागतं. काठोकाठ भरलेल्या झऱ्यालाही त्याच मुळातला शब्द लावत. म्हणजे शुक्र ही दिसणारी गोष्ट आहे. मिळालेलं आतल्या आत जिरलं आणि बाहेर काहीच उमटलं नाही, तर त्याला तो शब्द लागत नाही.

याच्या उलट शब्द कोणता? तुम्हाला सांगायला नको, पण मुलांना कुणीतरी सांगायला हवं. कुरआनात शुक्रासमोर पुन्हा पुन्हा जो शब्द उभा राहतो तो ‘कुफ्र’. सूरह इब्राहीममध्ये तसा आहे, सूरह नम्लमध्ये सुलेमान अलैहिस्सलाम बोलतात तिथे तसा आहे, सूरह दह्रच्या सुरुवातीला तसा आहे. आपल्या मुलांच्या कानावर त्या मुळातला शब्द येतो तो शिवीसारखा, दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवताना. पण त्या धातूचा मूळ अर्थ झाकणं असा आहे. सूरह हदीदमध्ये तर बी मातीआड करणाऱ्या शेतकऱ्यांसाठीच तो शब्द वापरला आहे, आणि तिथे त्यात काही वाईट नाही, कारण ते झाकलेलं उगवून वर येणार असतं. वाईट आहे ते मिळालेली देणगी झाकून ठेवणं. असं शिकवलं की मुलाचं बोट दुसऱ्याकडे जायच्या आधी स्वतःकडे वळतं: मी काय झाकून ठेवलंय?

झाकलेलं वर येतं ते आमच्याकडे दरवर्षी दिसतं. उन्हाळ्यात भाटघर धरणाचं पाणी ओसरलं की कांबऱ्याचं जुनं देऊळ वर येतं. वर्षातले बरेच महिने ते पाण्याखाली असतं आणि मे महिन्यात माणसं ते बघायला जातात. मी शाळेची मुलं घेऊन गेले होते. त्यांतल्या एकाने विचारलं, ‘‘बाई, हे इथे होतंच का आधीपासून?’’ होतंच. धरण 1928 साली पुरं झालं त्याच्याही कितीतरी आधीपासून होतं. आणि त्याच्या आसपास माणसांची शेतं होती, खळी होती, वाटा होत्या. त्या पाण्यावर नीरेच्या खालच्या अंगाला, पार बारामतीकडे मळे उभे राहिले. पानशेत आणि वरसगावचं पाणी पुणे शहर पितं. ज्यांची जमीन त्याच्या तळाशी गेली त्यांची नावं पुण्यात नळ सोडणाऱ्याला माहीत नाहीत. वुजू करताना वाहत्या नदीवरसुद्धा पाणी वाया घालवू नये, ही रिवायत तुम्ही मुलांना सांगता. ती सांगताना हे पाणी कुठून आलं हेही सांगा. तेही शुक्राच्या इल्मचाच भाग आहे. वेल्ह्याच्या वाड्यांवर चार महिने पाऊस थांबत नाही आणि एप्रिल-मेमध्ये बायका हंडा घेऊन उतार उतरतात. त्या घरातल्या मुलाला पाण्याची किंमत सांगावी लागत नाही. भोरच्या नळाखाली वाढलेल्याला मात्र सांगावी लागते.

गझाली ‘इह्या’च्या त्याच भागात भाकरीची गोष्ट सांगतात. एक रोटी तुमच्यासमोर येण्याआधी माती, पाणी, वारा, ऊन, नांगर, नांगर करणारा सुतार, फाळ घडवणारा लोहार, धान्य आणणारा व्यापारी, दळणारा, भाजणारा, असे किती हात लागतात हे ते मोजत जातात. मला वाटतं, मुलांना शुक्र शिकवण्याचा याहून चांगला धडा जगात कुठे लिहिला गेला नसेल. आणि आपल्याकडे तर तो भाताच्या ताटावर शिकवता येतो. फाल्गुन-चैत्रात राब भाजतात. शेणी, पालापाचोळा, गवत रचून जमीन भाजून काढतात. मृग लागला की तरवा टाकतात. मग चिखलणी, मग आवण. बायका दिवसभर पाण्यात वाकून रोप लावतात, डोक्यावर इरलं नाहीतर प्लॅस्टिकचा कागद, आणि पायांच्या बोटांत चिखल्या होतात. रात्री त्या जागेवर तेल-हळद लावून निजतात आणि सकाळी पुन्हा त्याच पाण्यात उतरतात. दिवाळीच्या आगेमागे कापणी, मग झोडणी, मग गिरण. तेव्हा कुठे आंबेमोहराचा नाहीतर इंद्रायणीचा वास घरात सुटतो.

आता मुलाला विचारा, तुझ्या ताटातल्या भाताला किती हात लागले? आणि त्यातले किती हात आपल्या जमातीतले होते? आपली घरं इथे थोडी आहेत. रोप लावणारी बाई बहुतेक वेळा शेजारच्या वाडीतली मराठा बाई असते, नाहीतर महादेव कोळ्यांची, कातकऱ्यांची. दूध धनगरवाड्यावरून येतं. जो माणसांचे आभार मानत नाही तो अल्लाहचेही मानत नाही, अशा अर्थाची हदीस अबू दाऊद आणि तिर्मिजी दोघांकडे आहे. मकतबात ती तख्त्यावर लिहिलेली मी पाहिली आहे. पण त्यातली ‘माणसं’ कोण, हे मुलांना नावानिशी सांगितलेलं मी ऐकलं नाही. ते नावानिशी सांगा. त्या वाडीचं नाव घ्या. दुसऱ्या दिवशी त्या मुलाला बाजारात तीच बाई तांदूळ विकताना दिसेल आणि तो तिच्याकडे वेगळ्या नजरेनं पाहील.

आपल्या मावळात तोंडाने आभार मानायची फार पद्धत नाही. ‘धन्यवाद’ म्हटलं तर समोरचा बुजतो. पण एक रीत आहे, शेजारून आलेलं पातेलं रिकामं परत पाठवायचं नाही. दिवाळीला समोरच्या घरून फराळाचा डबा आला की माझी आई तो धुऊन, पुसून ठेवायची आणि ईदला त्याच डब्यातून शिरखुर्मा जायचा. मधल्या काळात नुसताच परत द्यायची वेळ आली तर त्यात चार लिंबं टाकायची, लिंबं नसतील तर मूठभर साखर. डबा नेऊन द्यायचं काम माझं असायचं. शुक्र मी तिथे शिकले. कुरआनात सूरह सबामध्ये दाऊद अलैहिस्सलाम यांच्या घराण्याला शुक्राचा हुकूम आहे तो ‘म्हणा’ असा नाही, ‘करा’ असा आहे. हे मला फार उशिरा वाचायला मिळालं, पण तो डबा नेणाऱ्या मुलीला ते हातांनी माहीत होतं. आता पुष्कळ घरांत डबे येणं-जाणं कमी झालं आहे. कारणं तुम्हालाही ठाऊक आहेत आणि ती सगळी आपल्या बाजूची नाहीत. तरीही मला वाटतं, मकतबातून घरी जाणाऱ्या मुलाला उस्तादांनी सांगितलं की शेजारी एक डबा नेऊन दे आणि उद्या येऊन मला सांग, तर तो नक्की नेईल. घरच्यांच्या सांगण्यापेक्षा मुलं उस्तादांचं ऐकतात, हे प्रत्येक आईला माहीत असतं.

मुलांना जे आधीच पाठ आहे त्यातूनच सुरुवात करता येईल. अम्मा पारा त्यांना येतो. त्यातली सूरह दुहा फक्त 11 आयतींची. रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांना तिथे आठवण करून दिली आहे की तुम्ही यतीम होता आणि आसरा मिळाला, वाट शोधत होता आणि वाट मिळाली, गरजू होता आणि पुरेसं मिळालं. आणि लगेच पुढे काय येतं? यतीमावर जोर करू नका, मागणाऱ्याला झिडकारू नका, आणि मिळालेल्या नेमतीचा उच्चार करत राहा. एवढी आखीव रचना आहे. जे मिळालं त्याचीच पुढे परतफेड करायची, आणि तीही देणाऱ्याकडे नाही, तर आपण कालपर्यंत ज्या जागी होतो त्या जागी आज उभा असलेल्याकडे. मुलं ही सूरह रोज म्हणतात. एक दिवस तिचा अर्थ मराठीतून सांगा आणि विचारा, तुझ्या वर्गात बाप नसलेला मुलगा कोण आहे? त्याच्याशी तू कसा वागतोस? त्या दिवशी मकतबात वेगळी शांतता असेल.

दुसरी गोष्ट बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे, त्या तीन माणसांची. एक कोडी, एक टक्कल पडलेला, एक आंधळा. फरिश्ता येतो, तिघांना बरं करतो. कोड्याला कांती आणि गाभण सांडणी, टकल्याला केस आणि गाय, आंधळ्याला नजर आणि शेळी. तिघांची दौलत वाढते, कळप दऱ्या भरून चरायला लागतात. मग तोच फरिश्ता गरीब वाटसरूच्या रूपात, ज्याचं त्याचं जुनं रूप घेऊन, परत येतो आणि एक जनावर मागतो. पहिला म्हणतो, माझ्यावरच खर्चाचा बोजा आहे. वाटसरू म्हणतो, तुला कुठेतरी पाहिल्यासारखं वाटतंय, तू कोडी होतास ना, लोक तुला टाळायचे ना? तो म्हणतो, छे, हे तर आमच्याकडे वाडवडिलांपासून चालत आलं आहे. दुसराही तेच म्हणतो. तिसरा मात्र म्हणतो, होय, मी आंधळा होतो, अल्लाहने मला डोळे दिले, तुला हवं ते घेऊन जा. पहिल्या दोघांचं सगळं जातं, तिसऱ्याचं राहतं.

ही गोष्ट मी शाळेत, अरबी नावं वगळून, कितीदा सांगितली असेन याची गणती नाही. सगळ्या जातींची मुलं समोर असत आणि ‘वाडवडिलांपासून’ हे शब्द आले की वर्ग चपापायचा. मराठी मुलांना त्या वाक्याची धार बरोबर कळते. आमची जमीन, आमचा वाडा, आमचा मान, सगळं पिढीजात. कुणीतरी कधीतरी हात दिला होता, हे त्या एका शब्दाने झाकलं जातं. जे जाणतो ते नाकारायचं, हाच त्या दोघांचा गुन्हा होता. पैसा दिला नाही हा त्यानंतरचा. सूरह रहमानमध्ये जो एकच प्रश्न 31 वेळा येतो, तोही आभार मानलेत का असा नाही. देणगी नाकारण्याबद्दलचा तो प्रश्न आहे. मुलांना ती सूरह ऐकायला आवडते, तिच्या लयीमुळे. त्या लयीच्या आत काय विचारलं जातंय ते त्यांना सांगितलं तर ती आयुष्यभर पुरेल.

आता जे लिहायचं आहे ते लिहिताना माझा हात थोडा जड होतो. आपल्या घरांत ‘शुकर कर’ हे वाक्य सर्वांत जास्त कधी ऐकू येतं? कुणीतरी काहीतरी मागितल्यावर. मी सातवी झाले तेव्हा मला हायस्कूलला जायचं होतं. घरी आलेल्या एका जाणत्या माणसाने अब्बांसमोर मला सांगितलं, ‘‘शुकर कर बेटा, सातवीपर्यंत तरी शिकलीस. तुझ्या आईला सहीसुद्धा येत नाही.’’ अब्बा गप्प बसले. आईने स्वयंपाकघरातून ऐकलं आणि ती बाहेर आली. म्हणाली, मला सही येत नाही हेच तर कारण आहे. मी पुढे शिकले ते त्या एका वाक्यामुळे. पण तेव्हापासून कितीतरी वर्षं ‘शुकर’ हा शब्द मला बंद दरवाज्यासारखा वाटत राहिला. नमाजमध्ये अल्हम्दु म्हणताना मन लागायचं आणि घरी कुणी ‘शुकर कर’ म्हटलं की आत काहीतरी आखडायचं.

माझ्यासारख्या मुली आजही आहेत. नवरा हात उचलतो अशी तक्रार करणारीला ‘शुकर कर, दोन वेळचं मिळतंय’ म्हणतात. मजुरी थकवणाऱ्याबद्दल बोलणाऱ्याला ‘शुकर कर, काम तरी आहे’ म्हणतात. मौलाना साहेब, तुमच्या वर्गातली मुलं हे घरी ऐकतात आणि त्यांना वाटतं, शुक्र म्हणजे गप्प बसणं. ते तसं नाही, हे तुमच्याशिवाय कुणी सांगितलं तर त्याला वजन येणार नाही. सूरह लुकमान काढा. लुकमानला हिकमत दिली म्हणजे काय दिलं, तर शुक्र करायला शिकवलं. पुढच्याच ओळींत आईचं गरोदरपण येतं, थकव्यावर थकवा, दोन वर्षं अंगावर पाजणं. माझाही शुक्र कर आणि आईबापाचाही. किती मोठी जागा दिली आहे आईला! पण त्याच्या पुढच्याच आयतीत आहे की याच आईबापांनी चुकीच्या गोष्टीसाठी, शिर्कसाठी, जोर केला तर ऐकू नकोस, तरीही दुनियेत त्यांच्याशी भलेपणाने राहा. ज्यांचा शुक्र करायचा, त्यांचंही प्रत्येक म्हणणं मानायचं नाही, हे कुरआनाने लागोपाठच्या दोन आयतींत सांगून ठेवलं आहे. जाण ठेवणं वेगळं आणि मान तुकवणं वेगळं. हा फरक दहा वर्षांच्या मुलीला कळला तर पुढे तिला ‘शुकर’ म्हणून कुणी दाराआड ढकलू शकणार नाही, आणि तिच्या तोंडून निघालेलं ‘अल्हम्दुलिल्लाह’ खरं असेल.

फिरऔननेही उपकार काढून दाखवले होते. मूसा अलैहिस्सलाम समोर उभे राहिले तेव्हा त्याने म्हटलं, आम्ही तुला लहानाचं मोठं केलं ना? मूसांनी त्याला उलट विचारलं, तू बनी इस्राईलला गुलाम करून ठेवलंस, हा उपकार तू मला ऐकवतोस? सूरह शुअरामधला हा प्रसंग मी अलीकडे पुष्कळदा आठवते. आपल्या तरुण मुलांना बाहेर कधी कधी ऐकवलं जातं की इथे राहायला मिळतंय याचे आभार माना. त्यांना काय उत्तर द्यावं ते सुचत नाही; काही चिडतात, काही मिटून जातात. त्यांना सांगा की शेजाऱ्याने दिलेल्या डब्याची जाण ठेवायची, नीरेच्या पाण्याची ठेवायची, रोप लावणाऱ्या बाईची ठेवायची, आणि नागरिक म्हणून इथे असणं हा कुणाचा उपकार नाही. राजगड-तोरण्याच्या पायथ्याशी पिढ्यान् पिढ्या आपली माणसं राहिली, मुलाण्याचं वतन सांभाळत खळ्यावरून बलुतं घेतलं आणि गावाचं काम केलं. देणंघेणं दोन्ही बाजूंनी होतं. ज्याला खरी जाण असते तो मिंधा राहत नाही.

खळ्यावरून आठवलं. सूरह अनआममध्ये पिकाचा हक कापणीच्या दिवशीच द्यायला सांगितला आहे. उश्र आपल्याकडे लोक विसरले आहेत. पावसावर पिकलेल्याचा दहावा भाग, कष्टाने पाणी देऊन पिकवलेल्याचा विसावा. आपल्या ज्या थोड्या घरांना भातशेती आहे त्यांच्या मुलांना हे गणित घालून द्या: दहा पोती भात झालं, पावसावर, तर किती? वीस पोती, विहिरीवर, तर किती? गणितही होईल आणि खळ्यावर उभा असलेला मजूरही त्यांना दिसेल.

भाषेबद्दल मी थोडंच बोलते. अरबी अरबीतच राहू द्या, उर्दूही शिकवा, मला उर्दूची गोडी आहे. पण अर्थ मुलांच्या मराठीत सांगा. आपली मुलं मराठी शाळेत शिकतात, मराठीत भांडतात, मराठीत स्वप्नं पाहतात. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी शेकडो वर्षांपूर्वी ‘योगसंग्राम’ मराठीतच लिहिला आणि त्यांना त्यात काही कमी पडलं नाही. कुरआनाचे मराठी अनुवाद आज बाजारात मिळतात. तुमच्यातले कितीतरी जण बिहार, उत्तर प्रदेश, मराठवाडा, कुठून कुठून आलेले असतात. मराठी अडत असेल तर सातवी-आठवीतल्या मुलीला जवळ बसवा, तुम्ही सांगा, ती लहानांना मराठीत सांगेल. दोघांचंही शिकणं होईल.

आणि विश्वस्तहो, आता तुमच्याशी. आपण ज्या मौलानांकडे मुलं पाठवतो ते आपलं घर, बायकामुलं सोडून मशिदीच्या खोलीत राहतात. पहाटेच्या अजानपासून इशापर्यंत बांधलेले असतात. त्यांचा पगार वेळेवर होतो का, ईदला ते घरी जाऊ शकतात का, आजारी पडले तर डॉक्टरकडे कोण नेतं, हे दर जुम्याला कुणीतरी विचारलं पाहिजे. जमातीने त्यांच्या जेवणाचे वार लावलेले असतात, ती रीत चांगली आहे. पण ज्या मुलाच्या घरून डबा जातो त्या मुलाला कधी सांगा की हा डबा खैरात म्हणून नाही, आपण देणं लागतो म्हणून जातो. नाहीतर ज्याला आपण शुक्र शिकवायला ठेवलं त्याचाच शुक्र राहून जातो आणि मुलं हे बघत असतात.

शेवटी पुन्हा मुलांकडे येते. सूरह नह्ल मधमाश्यांच्या नावाची. तिच्यात पाऊस, दूध, जनावरं, सावली, अशा नेमतींची लांबच लांब मोजदाद आहे, आणि मधमाश्यांना डोंगरांत घरं करायला सांगितल्याचंही आहे. आमच्या मुलांना हे दाखवायला कुठे लांब जायला नको. राजगडाच्या कड्यावर आग्या मोहळं लटकलेली असतात, सुवेळा माचीकडे जाताना मान वर केली की दिसतात. मी त्या वाटेने मुलं नेली आहेत, मोहळाखालून बोलू नका म्हणून दटावत. त्या वेळी ही सूरह मला येत असती तर तिथेच, दबक्या आवाजात, सांगितली असती.

यंदा आषाढात आवणाचे दिवस आले की एका रविवारी मकतबाची मुलं खाचरावर न्यायचा माझा बेत आहे. वेल्ह्याच्या बाजूला माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचं शेत आहे, तिने हो म्हटलं आहे. मुलं तासभर चिखलात उतरतील, रोपाची मूठ हातात धरतील, वाकतील. दुपारी तिथेच बांधावर भात-आमटी जेवतील आणि जेवणानंतरची तीच दुआ म्हणतील. तुमच्यापैकी जे येऊ शकतील त्यांनी यावं ही विनंती. येताना मुलांना घरून एकेक डबा आणायला सांगा, शेतावरच्या बायकांसाठी. परत येताना तो रिकामा येणार नाही, हे मी त्या घराला ओळखते म्हणून सांगते.

खुदा हाफिज.

तुमची,
एक निवृत्त शिक्षिका, भोर